साक्षीपुरावा : शहापूर-मुरबाडच्या डोंगरातले वकील

‘मानवी हक्कांचा वकील’ हा शब्दप्रयोग मराठीत तसा अलीकडचा. ‘बॅरिस्टर’ मात्र जुना आहे. तो उच्चारला की विलायतेहून परतलेला, कोटाबुटातला, इंग्रजी शिष्टाचारात मुरलेला गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’ (१९७७) या नाटकाने तर ही प्रतिमा एका जुन्या वाड्यात कायमची बसवून टाकली. युरोपात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर याच व्यवसायाची एक निराळी शाखा वाढीस लागली. स्थलांतरितांचे आणि निर्वासितांचे खटले चालवणारे, मानवी हक्कांचा कायदा हेच ज्यांचे कार्यक्षेत्र, असे बॅरिस्टर तेथे निर्माण झाले. १९५१च्या जिनिव्हा करारानुसार आश्रय मागणाऱ्याला मायदेशी छळ होण्याची रास्त भीती असल्याचे दाखवून द्यावे लागते. ते दाखवायचे कशाने? छळ करणारा पावती देत नाही. पळून आलेल्या माणसाजवळ कागदपत्र असतेच असे नाही. त्याच्याजवळ असते ती त्याची हकीकत. ती विश्वसनीय ठरली तर तो राहतो, न ठरली तर परत पाठवला जातो. एका माणसाचे तोंडी कथन न्यायासनापुढे टिकेल अशा रीतीने उभे करणे हे या वकिलाचे मुख्य काम, आणि म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांनाही त्यात स्वारस्य वाटावे असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरता विचारात घेत आहोत. या तालुक्यांतून कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा जात नाही. तरीही ‘तू इथला कशावरून?’ हा सीमेवरचा प्रश्न येथील ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी माणसाला किमान सव्वाशे-दीडशे वर्षे विचारला जात आहे. ज्याच्या पणज्याने झाड लावले त्याने ते झाड आपले असल्याचा पुरावा आणायचा. पुरावा म्हणजे कागद, आणि कागद तर कायम दुसऱ्याच्या पेटीत. अशा मुलखात कायदा शिकलेल्या माणसाने करायचे तरी काय? येथे निरनिराळ्या माणसांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

नोंद ठेवण्याची परंपरा या भागाला नवी नाही, हेही जाता जाता सांगायला हवे. मुरबाड तालुक्याच्या माथ्यावर नाणेघाट आहे. तेथील लेण्यातल्या सातवाहन राणीच्या शिलालेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब कोरलेला आहे : इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. राज्याने काय दिले याची दगडावरची नोंद दोन हजार वर्षे टिकली. घाटातून ओझी वाहणाऱ्यांची नोंद अर्थातच त्यात नाही.

इंग्रजी अमदानीत ही विषमता कायद्याच्या कलमांत उतरली. १८७२च्या पुरावा कायद्याने लेखी कराराच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा देण्यावर कडक मर्यादा घातल्या. कर्जखतावर अंगठा उमटवणाऱ्याने ‘मला सांगितले वेगळे आणि लिहून घेतले वेगळे’ असे म्हटले तरी कोर्टात ते सहजी टिकत नसे. पुणे-नगरकडच्या कुणब्यांनी याला दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे त्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली आणि ते लोण पसरत गेले. सावकार मारण्यापेक्षा कागद जाळण्याकडे त्यांचा कल होता, यावरून कुणब्याला कायदा किती नेमका समजला होता हे दिसते. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेऱ्या, कारकून आणि वकील यांच्यावर जे कोरडे ओढले त्यामागेही हाच अनुभव आहे. दंग्यांनंतर आलेल्या १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. पण तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांनाच लागू होता. ठाणे त्यात नव्हते.

ठाण्याच्या वाट्याला आला तो जंगल कायदा. १८७८च्या कायद्यात रान राखीव करण्यापूर्वी जाहीरनामा काढावा आणि हक्क सांगणाऱ्यांना किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी अशी तरतूद होती. हक्क लेखी मांडावा किंवा अधिकाऱ्यासमोर येऊन तोंडी सांगावा, अशी दोन्ही मुभा होती. मुदतीत न सांगितलेला हक्क संपुष्टात येई. कागदावर हे उदारच म्हणायचे. परंतु पाड्यावरच्या माणसाने जाहीरनामा वाचायचा कसा, कचेरी गाठायची कशी आणि ‘हक्क’ या शब्दाचा अर्थ कोणाला विचारायचा? आपण पिढ्यान्‌पिढ्या जे करत आलो ते ‘हक्क’ म्हणून कुठे जाऊन सांगायचे असते, ही कल्पनाच त्याला परकी होती. बोलण्याची मुभा होती, बोलणारा पोहोचला नाही.

वाद पेटला तो राबावरून. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचे थर रचून ते भाजायचे, ही कोकणपट्टीतली रीत शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीतही जीवनावश्यक होती. फांदी तोडायला बंदी म्हणजे भाताला बंदी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारींचा गवगवा इतका झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. राब हा त्या चौकशीतला एक मुख्य मुद्दा होता. सरकारदरबारी या मुलखातल्या शेतकऱ्याची साक्ष मोठ्या प्रमाणावर नोंदली जाण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय. मात्र या प्रश्नावर सरकारशी भांडण्याचा पुढाकार जिल्ह्यातील जमीनदार आणि सुशिक्षित मंडळींकडे होता. राब करणारा कुणबी त्यात दिसतो. ज्याचे सारे जगणेच रानावर होते तो कातकरी मात्र अंधुक होत जातो.

१९३६च्या एका सरकारी आदेशाने शहापूर आणि डहाणू हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरले. म्हणजे प्रांतिक विधिमंडळाचे कायदे तेथे गव्हर्नरच्या आदेशाशिवाय लागू व्हायचे नाहीत. मुरबाड त्या यादीत नव्हता. दोन तालुके एकमेकांना लागून, रान तेच, पाडे तसेच, पण कायद्याच्या नकाशावर मध्ये एक रेघ. आजही शहापूर तालुका पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि मुरबाडमधली काही गावेच तेवढी त्यात येतात. एका पाड्यावरची मुलगी शेजारच्या पाड्यावर नांदायला गेली की तिचे कायदेशीर विश्व बदलते, आणि तिला ते कोणी सांगितलेलेही नसते. याच सुमारास सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने या क्षेत्रांची पाहणी करून वेठ, सावकारी आणि जंगल खात्याच्या नोकरांचा जाच यांवर अहवाल लिहिला. तो सहृदय आहे, आणि फायलीतला आहे.

फायलीबाहेर काय चालले होते? येथे महाडच्या खटल्याची आठवण करणे भाग आहे, कारण मराठी मुलखातील मानवी हक्कांच्या वकिलीचा तो पाया आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक बॅरिस्टर आहे. डॉ. आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले. १९२७च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर त्यांच्यावर आणि सहकाऱ्यांवर दिवाणी दावा गुदरण्यात आला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, असा वादींचा दावा होता. न्यायालयाने सांगितले, ही रूढी शाबित झालेली नाही. आमच्या मते या निकालाचे मर्म तेथे आहे. पाणी पिणाऱ्याने आपला हक्क सिद्ध करण्याऐवजी पाणी अडवणाऱ्याला आपली रूढी सिद्ध करावी लागली, आणि त्याला ते जमले नाही. शाबितीची जबाबदारी कोणावर, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात सत्तेचा प्रश्न असतो.

आता मुरबाडकडे परत येऊ. तेथे एका वकिलाचे स्मारक आहे, आणि ते कचेरीपासून फार दूर, सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे साहेबाने वसवलेले हवा खाण्याचे ठिकाण. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने ते शोधले असे इतिहास सांगतो. ओझी वाहून त्याला वर कोणी नेले हे सांगत नाही. अशा गावात वाढलेला मुलगा पुण्यात शिकतो, कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होतो आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष होतो. एरवी या कहाणीचा पुढचा टप्पा ठरलेला असतो : तालुक्याच्या गावी वकिलीची पाटी.

कोतवालांच्या नावाशी आज एखादा गाजलेला खटला जोडला जात नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जातात त्या धान्यकोठ्या आणि शाळा. पावसाळ्याच्या तोंडावर घरातले धान्य संपते. मग सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला ती सवाईने किंवा दिढीने फेडायची, हे चक्र कर्जत-मुरबाड पट्ट्यात घरोघर होते. कोतवालांनी कर्जत भागात शेतकऱ्यांच्या सामाईक धान्यकोठ्या सुरू केल्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर शाळा काढल्या. कायदा शिकलेल्या माणसाने हे का करावे याचा विचार केला तर असे दिसते की त्यांनी रोगाची जागा अचूक ओळखली होती. खटला उभा राहतो तेव्हा खत लिहून झालेले असते, अंगठा उमटलेला असतो आणि वकिलाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. कोठीत धान्य असले तर खतच लिहावे लागत नाही. शाळेत गेलेले पोर खत वाचून पाहते. ज्या दोन ठिकाणी कायदा गरिबाला गाठतो त्या दोन्ही ठिकाणी ते कायद्याच्या आधी जाऊन उभे राहिले. यालाही आम्ही वकिलीच म्हणू, फक्त ती कोर्टाच्या अलीकडची आहे.

ऑगस्ट १९४२ नंतर हे सारे मागे पडले. कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यात कर्जत-मुरबाड भागातले शेतकरी तरुण होते. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडणे हे दस्त्याचे मुख्य काम. त्या हिवाळ्यात दस्ता सिद्धगडच्या रानात दडून होता. २ जानेवारी १९४३च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. हिराजी गोमाजी पाटील गोळी लागून पडले. कोतवाल जखमी झाले आणि त्या अवस्थेतच हॉल या पोलीस अधिकाऱ्याने त्यांना जवळून गोळी घातली, असा वृत्तांत सर्वत्र सांगितला जातो. कोतवालांचे वय होते तीस वर्षे. आरोपपत्र झाले नाही, साक्षीपुरावा झाला नाही, निकाल झाला नाही. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला कायद्याच्या राज्यात खटलाही मिळाला नाही, हे सिद्धगडचे सत्य आम्हांला त्यांच्या शौर्याइतकेच महत्त्वाचे वाटते. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर माणसे जमतात. त्यांच्या जीवनावर २०२० मध्ये एक मराठी चित्रपटही निघाला. परंतु भाषणांतून आणि पडद्यावरून मनोरे पडतात तेवढे ठळकपणे दिसतात. धान्यकोठीला तिची जागा अजून मिळायची आहे.

सिद्धगडच्या घटनेला जेमतेम दोन वर्षे होत आहेत तोच, ७ जानेवारी १९४५ रोजी, टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा कल्याण तालुक्यातले, पण शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांच्या उशाला. या परिषदेमागे आणखी एक कायद्याची पदवीधर होती : गोदावरी परुळेकर. जन्म १४ ऑगस्ट १९०७, पुण्याचा, घर वकिलाचे. महाराष्ट्रातील पहिली महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख होतो. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३८ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ मध्ये त्यांचा शामराव परुळेकरांशी विवाह झाला. शामराव हे आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातले. खोती नष्ट करण्याच्या मागणीसाठी जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत कौन्सिलवर निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यात ते आंबेडकरांच्या बरोबर होते. महाडच्या बॅरिस्टरपासून टिटवाळ्यापर्यंतचा धागा असा सरळ जोडता येतो.

टिटवाळ्याला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते आणि तेथून पुढचा इतिहास उत्तरेकडे सरकतो. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची सभा झाली. वेठ करायची नाही, आणि रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवायचा नाही, असे तेथे ठरले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जन्मभर राबणारे ‘लग्नगडी’ मोकळे झाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. पुढे परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यात पाऊल टाकायला बंदी झाली. दुसऱ्यांना ‘तू इथला कशावरून’ विचारणाऱ्या सरकारने वकिलीणबाईंनाच हद्दीबाहेर काढले, असे म्हणायला हरकत नाही.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे त्यांचे पुस्तक साहित्य अकादमीच्या पुरस्काराने १९७२ मध्ये गौरवले गेले, अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ते राहिले आणि आम्हीही ते वर्गात शिकवले. बहुधा ते चळवळीचे आत्मकथन म्हणून शिकवले जाते : लेखिका येते, माणसे तिच्यावर विश्वास ठेवू लागतात, लढा होतो. विद्यार्थी भारावतात आणि परीक्षेत ‘सामाजिक जाणीव’ असे लिहून मोकळे होतात. आमचे म्हणणे असे की हे पुस्तक एका कायदेतज्ज्ञ स्त्रीने नोंदवलेला जबाब म्हणून वाचावे. त्यातले मजुरीचे दर, वेठीचे प्रकार, शिक्षांचे तपशील, गावांची नावे कशी येतात ते पाहावे. छळाचे वर्णन करताना लेखिकेचा स्वर चढत नाही. कोण, कुठे, कशासाठी, किती, या क्रमाने हकीकत पुढे जाते. उलटतपासणीला उत्तर द्यावे लागेल याची जाणीव असलेल्या माणसाचे ते गद्य आहे. गोदावरीबाई कोर्टात उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी वाचकाला न्यायासनावर बसवले आणि पंचवीस वर्षांनी साक्ष नोंदवली. ज्यांच्या तोंडी शब्दाला पुरावा कायद्याने उंबऱ्यावर थांबवले होते त्यांचा शब्द मराठी साहित्यात मात्र पुरावा म्हणून दाखल झाला.

अर्थात या वाचनातून एक अडचणही पुढे येते. जबाब नोंदवणारा जबाबाची भाषाही ठरवतो. वारल्याचे बोलणे पुण्याच्या वकिलाघरी घडलेल्या मराठीत येते तेव्हा ते नेटके होते, त्यातली घालमेल, पुनरुक्ती, गप्पा बसणे, हे सारे गळते. आम्हांला हा दोष लेखिकेचा वाटत नाही; प्रत्येक लिखित साक्षीला ही किंमत मोजावी लागते. निर्वासिताची हकीकत दुभाष्यामार्फत मांडणारा लंडनचा बॅरिस्टरही ती मोजतोच. अधिक बोचते ते हे की वारल्यांना गोदावरीबाई भेटल्या. शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्यांना त्या तोडीचे पुस्तक अजून मिळालेले नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांबद्दल थोडक्यातच लिहितो. १९४८चा कुळकायदा, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन, यांनी अनेक कुळांना मालक केले. ज्याचे नाव पीकपाहणीत लागलेच नव्हते तो वगळला गेला. कायदा चांगला आणि नोंद वाईट असली की काय होते याचा हा धडा. शहापुरात तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जातच होते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, यावर आता कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

या काळात वकिलीच्या दुसऱ्या टोकाला एक मराठी बॅरिस्टर होते, त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे विलायतेत बॅरिस्टर झाले, परतून पुण्यात वकिली करू लागले, रॉयवादी चळवळीत शिरले, पुढे १९५७ ते १९६९ मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. आणीबाणीच्या काळात १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नागरी स्वातंत्र्याच्या लोकसंघटनेचे ते आधारस्तंभ. कोतवालांनी कोर्ट सोडले, तारकुंडे कोर्टात राहिले. दोघांपैकी कोणाची वाट बरोबर हा प्रश्न आम्हांला निरर्थक वाटतो. मात्र १९७०च्या दशकाअखेर न्यायालये बदलू लागली ती तारकुंड्यांसारख्यांनी आतून केलेल्या आग्रहामुळे आणि ठाणे जिल्ह्यातल्यासारख्या चळवळींनी बाहेरून दिलेल्या रेट्यामुळे, हे नोंदवले पाहिजे. त्या दशकात पालघरकडे काळूराम दोधडे यांची भूमिसेना उभी राहिली, डहाणूत कष्टकरी संघटना आली आणि १९८२च्या सुमारास वसईतून विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचे काम सुरू केले. ते पुढे शहापूर-मुरबाडपर्यंत पसरले.

त्यांच्या हाती एक नवे हत्यार आले होते. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात पंधरावे कलम आहे. मजुराने ‘हे कर्ज वेठीचे आहे’ असे म्हटले की ते तसे नाही हे शाबित करण्याची जबाबदारी धनकोवर येते. सुप्याला कागद जाळले गेले त्यानंतर शंभर वर्षांनी कायद्याने मान्य केले की अंगठा देणाऱ्याचा शब्द आधी खरा धरावा. डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक पत्र हीच याचिका मानली आणि सक्तीची मजुरी दिसली की मागे आगाऊ उचल आहे असे गृहीत धरावे, असे सांगितले. महाडमध्ये निकालातून साधले ते आता कलमात आले होते. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे कलम वाचून दाखवतो तेव्हा ते म्हणतात, यात साहित्य कुठे आहे? कोणाचे बोलणे आधी खरे मानायचे, हा कथनमीमांसेचा पहिला प्रश्न नाही काय?

कातकऱ्यांच्या बाबतीत तरीही गाठ सुटत नाही. कात पाडण्यावरून ज्यांना नाव मिळाले त्यांचा तो धंदा जंगल कायद्याने बुडवला. कोळसाभट्टी आली, मग वीटभट्टी. दिवाळीनंतर उचल घेऊन सारे घर भिवंडी-कल्याणकडच्या भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. पाहणी, नोंदणी, शिबिरे ही सरकारी कामे नेमकी कोरड्या दिवसांत होतात. वाडीत माणूस सापडत नाही, म्हणून तो राहत नाही असे लिहिले जाते. वाडीखालची जमीन तर कित्येक ठिकाणी दुसऱ्याच्याच सातबाऱ्यावर. मुंबई जवळ आली, जमिनीला भाव आला, फार्महाउसांची कुंपणे पडू लागली आणि पिढ्यांची वाडी एका खरेदीखताने अतिक्रमण ठरू लागली. देश न सोडता निर्वासित होणे म्हणजे काय हे मुरबाडच्या रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना पाहता येते.

२००६चा वनहक्क कायदा या साऱ्या इतिहासाच्या अखेरीस येतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीने दावा करायचा, ग्रामसभेने तो तपासायचा. त्याच्या नियमांत पुराव्यांची यादी दिली आहे. तीत सरकारी कागद आहेत. पण घर, बांध, ताली यांसारख्या जमिनीवरच्या खुणाही आहेत, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगितलेले, लिहून घेतलेले निवेदनही आहे. या तरतुदीमागे ठाणे जिल्ह्याचाच हातभार आहे. कष्टकरी संघटनेच्या प्रदीप प्रभू यांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या प्रकरणात, अतिक्रमण जुने आहे की नाही हे ठरवताना केवळ दंडाच्या पावतीवर विसंबू नये, इतर पुरावाही पाहावा, ही भूमिका पुढे आली होती. दंडाची पावती हाच मालकीचा पुरावा, म्हणजे ज्याला शिपायाने पकडले तो वाचला आणि जो पकडला गेला नाही त्याची जमीन गेली, हा विनोद त्याआधी गंभीरपणे चालत असे. २०१२च्या दुरुस्तीने एका विशिष्ट कागदाचाच आग्रह धरू नये असे वरच्या समित्यांना बजावले. १८७८च्या जाहीरनाम्याला ज्यांना उत्तर देता आले नव्हते त्यांच्या नातवंडांना १३० वर्षांनी पुन्हा विचारले गेले.

तरीही दावे फेटाळले गेले, आणि कारण म्हणून पुन:पुन्हा ‘पुरेसा पुरावा नाही’ हेच शब्द येत राहिले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात देशभरच्या लाखो कुटुंबांचे ‘इथले’पण पुन्हा एकदा टांगणीला लागले होते.

आता आमचे लक्ष आहे ते त्या निवेदनांकडे. गावातला म्हातारा किंवा म्हातारी बोलते, तिच्या कातकरी किंवा ठाकरी बोलीत. लिहिणारा बहुधा शाळेत शिकलेला तरुण असतो आणि त्याच्या मनात तलाठी कचेरीतली भाषा असते. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ अशी सुरुवात होते, मग चतु:सीमा, मग क्षेत्र, मग खाली अंगठा. पण मधे एखादे वाक्य निसटून राहते. अमुक साली मोठा पाऊस झाला तेव्हा बांध फुटला होता. तमुक आंब्याखाली आईला पुरले. कचेरीला अशा वाक्याचा काही उपयोग नसतो, किंवा असतो, कारण आंबा अजून उभा असतो आणि मोजणीला आलेला माणूस त्याच्याच सावलीत टेबल लावून बसतो. ग्रामसभांच्या दप्तरांत अशी निवेदने आहेत. एम.ए.च्या वर्गात ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या शेजारी ती ठेवून शिकवावीत, दावेदारांची नावे झाकून आणि त्यांची परवानगी घेऊन, असे आमच्यातल्या काहींनी अभ्यास मंडळाच्या बैठकीसाठी लिहून दिले आहे.